मिस्टर अर्नींचा राहून गेलेला सीझन

वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या कुठल्यातरी सकाळी, आमच्याकडे एसी बंद होतो. तारीख ठरलेली नसते. बायको पहाटे बाल्कनीचं दार उघडते, हात बाहेर काढून बघते आणि बटण दाबते. एप्रिलपासून चाललेली घरघर थांबते आणि एकदम घर ऐकू यायला लागतं. स्वयंपाकघरातला गळका नळ, शेजारच्यांचा कुकर, खालच्या गल्लीत कुणी कुणाला घातलेली "यल्ला, यल्ला" अशी घाई. हे सगळे आवाज एवढे महिने होतेच, आपल्यालाच पत्ता नव्हता. शारजातली मराठी माणसं त्या दिवशी एकमेकांना फोन करून विचारतात, "काय, तुमच्याकडे बंद केला का?"

मी मात्र त्या शांततेत दचकतो. इतकी वर्षं झाली, तरीही. वाळूवर चेंडू आपटल्याचा आवाज येतो आणि नव्वदच्या दशकातला तो एक हिवाळा येऊन माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतो. त्या हिवाळ्यात मला इतके धक्के बसले की एरवी दहा वर्षांत बसले नसते. सुरुवातीचे धक्के गमतीचे होते. पुढचे नव्हते.

मी तेव्हा औद्योगिक क्षेत्रात भाऊजींच्या कंपनीत होतो. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. लोखंडी शेड, जिने, कठडे असली कामं. कागदावर मी अॅडमिन मॅनेजर. प्रत्यक्षात व्हिसा, तिकिटं, आजारपणं, भांडणं आणि एक स्टीलचं कपाट. त्या कपाटात कंपनीतल्या झाडून सगळ्या माणसांचे पासपोर्ट असत. तेव्हा सगळीकडे तशीच पद्धत होती आणि त्यात काही चुकतंय असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. उलट मला त्या कपाटाचा अभिमान होता. आडनावांप्रमाणे रांगा, प्रत्येक रांगेला चिठ्ठी, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. कुणाचाही पासपोर्ट मी डोळे मिटून काढून दाखवत असे. दसऱ्याला आम्ही ग्राइंडर, वेल्डिंगची मशीनं, कटर यांची पूजा करायचो, तेव्हा मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन आत यायचो आणि कपाटालाही कुंकू लावायचो, झेंडूची माळ घालायचो. ज्याच्यावर आपलं पोट, ते आपलं हत्यार. माझं हत्यार ते कपाट होतं.

वर्कशॉपच्या मागे एक मोकळा प्लॉट होता. एरवी तिथे लॉऱ्या उभ्या असत. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर लॉऱ्या हलवायच्या आणि आमची पोरं तिथे फुटबॉल खेळायची. गोलचे खांब आमच्या दत्ताने भंगारातल्या दोन इंची पाइपांचे वेल्ड करून बनवले होते. खेळ संपला की चार जण मिळून ते खांब उचलून आत आणून ठेवत. दत्ता आमचा वेल्डिंगचा फोरमन, कोल्हापूरचा. तिकडे पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात, त्यातल्या एकात खेळलेला, त्यामुळे फुटबॉल त्याच्या रक्तात. बायको आणि चार वर्षांची मुलगी गावी. बायको पत्रात मुलीचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढून पाठवायची. दत्ता तो कागद दुकानात नेऊन बूट घ्यायचा. गावी जाणारं कुणी मिळून ते बूट पोचेपर्यंत हटकून लहान व्हायचे.

तर त्या नोव्हेंबरात भाऊजींनी मला बोलावून सांगितलं, "कन्सल्टंटचा तो इंग्लिश इंजिनिअर आहे ना, त्याचे सासरे आलेत. विंटरभर राहणार. म्हातारा घरात बोअर होतो म्हणे. एकेकाळचा प्रोफेशनल फुटबॉलर आहे. दर फ्रायडेला त्याला आपल्या पोरांचा गेम दाखवायला आण. आपली बिलं जावई साइन करतो, समजलं ना?"

समजलं. मी शर्टाला कडक इस्त्री केली. प्रोफेशनल फुटबॉलर म्हणजे गॉगल, रुबाब, मागे-पुढे माणसं, असं काहीतरी डोक्यात होतं. दार उघडलं ते कोपरावर ठिगळ लावलेल्या तपकिरी स्वेटरमधल्या एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याने. हातात कापडी पिशवी, पिशवीत जुने फुटबॉलचे बूट. पहिला धक्का तो. "बूट असू द्यावेत जवळ," असं इंग्रजीत म्हणत मिस्टर अर्नी गाडीत पुढच्या सीटवर बसले. कपाळावर मधोमध एक जुना व्रण होता.

मैदानाच्या कडेला मी त्यांना घडीची खुर्ची टाकून द्यायचो. पोरं खेळायची आणि मिस्टर अर्नी, नजर चेंडूवरून न हलवता, मला आपली गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगायचे. चौदाव्या वर्षी कापडगिरणीत. मग महायुद्ध. मग त्या गिरणीच्या गावाच्याच क्लबात सेंटर-हाफ. म्हणजे बचावाच्या मधोमध उभं राहायचं आणि उंच येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परत पाठवायचा. त्यांच्या वेळचा चेंडू चामड्याचा, वर नाडी बांधलेली. चिखलात भिजला की दगडासारखा जड व्हायचा. कपाळावरचा व्रण त्या नाडीचा. हजारो माणसं मॅच बघायला यायची आणि मिस्टर अर्नी त्यांच्याच बरोबर, त्याच बसने, बूट हातात घेऊन मैदानावर जायचे. हरले तर त्याच बसने त्याच माणसांच्या शिव्या खात घरी. उन्हाळ्यात खेळ बंद, तेव्हा नळ दुरुस्तीची कामं. आणि पगाराला देशभर एकच मर्यादा ठरवलेली, त्यावर छदाम जास्त द्यायचा नाही, असा नियमच!

"सगळ्यांना? मोठ्या खेळाडूंनाही?" मी विचारलं.

"सगळ्यांना," ते म्हणाले. "आम्ही कामगारच होतो. फक्त आमचं काम बघायला लोक तिकीट काढत."

मी आ वासून ऐकत राहिलो. पलीकडे दत्ताने उडी मारून डोक्याने चेंडू मारला आणि म्हातारा खुर्चीतून उठून उभा राहिला. खेळ थांबल्यावर त्यांनी दत्ताला जवळ बोलावलं, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि मान कशी घट्ट धरायची ते दाखवलं. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. दत्ता माझ्याकडे बघून हसला. "साहेब, ह्यो म्हातारा लई जाणता हाय. आमच्या वस्तादानं ह्येच सांगितलं हुतं."

त्याच आठवड्यात दत्ताने मला एक अर्ज आणून दिला. रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात त्याला सुपरवायझरची जागा मिळत होती. फॅमिली व्हिसा, राहायला खोली. आमच्याकडचा त्याचा करार संपत आला होता, पण इथे करार संपून भागत नसे. जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र, एनओसी, लागे. ते नसेल तर नवीन नोकरी नाही. गावी परत जायचं किंवा आहे तिथेच सही करायची.

"साहेब, जानेवारी अखेरपर्यंत थांबतो म्हणालेत त्ये. तेवढं बघा की. पोरीला इथल्या शाळंत घालीन म्हणतो," दत्ता म्हणाला. मग उगीचच पाकिटातून तो पावलाचा कागद काढून दाखवला आणि परत ठेवला.

"बघतो. भाऊजींच्या कानावर घालतो," मी म्हणालो.

घातलं नाही. घालायची गरजच वाटली नाही. सहा वर्षांपूर्वी एका क्रेन ऑपरेटरने एनओसी मागितली होती, तेव्हा भाऊजी टेबलावर हात आपटून ओरडले होते, "एकाला सोडलं की उद्या रांग लागेल!" ते वाक्य मी मनात असं कोरून ठेवलं होतं की पुन्हा त्यांना विचारायचं कारण पडलं नाही. माणसं यायची, मी अर्ज घ्यायचो, आठवडाभर ट्रेमध्ये ठेवायचो आणि मग मान हलवून म्हणायचो, "साहेब नाही म्हणतात." भाऊजींचा त्रास वाचला, असं मला वाटायचं. दत्तालाही आठवडाभराने तेच सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडं पोरगा पेठ सोडून दुसऱ्या पेठंत खेळाय गेला तर लोकं बोलणं बंद करत्यात साहेब. पर धरून कुणी ठेवत न्हाई." आणि कामाला गेला. मला त्याचं बोलणं उद्धट वाटलं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी कुणीतरी प्लॉटवर दोन ट्रेलर आडवे लावून ठेवले होते. खेळ झाला नाही. म्हाताऱ्याला चहा तरी पाजावा म्हणून मी मिस्टर अर्नींना ऑफिसात आणलं. कपाटावरची दसऱ्याची माळ वाळून तपकिरी झाली होती, तरी मी ती काढली नव्हती.

"ही फुलं कसली?" त्यांनी विचारलं.

मी खुशीत आलो. दसऱ्याची सगळी कथा सांगितली. आम्ही आपापल्या हत्यारांची पूजा करतो, म्हणालो.

"आणि हे हत्यार काय काम करतं?"

मी किल्ली लावून कपाट उघडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. एकेका रांगेवर बोट फिरवत मी त्यांना माझी व्यवस्था समजावली. किती माणसं, किती सुरक्षित, एकही पासपोर्ट आजवर गहाळ नाही. कौतुकाची वाट बघत मी मागे वळलो, तर मिस्टर अर्नींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"फार नीटनेटकं ठेवता तुम्ही," ते म्हणाले. "मिस्टर हॉब्जही फार नीटनेटके होते."

मिस्टर हॉब्ज म्हणजे त्यांच्या क्लबचे सेक्रेटरी. दर उन्हाळ्याच्या तोंडावर ते दाराशी दोन याद्या लावत. एक, सोडलेल्या खेळाडूंची. दुसरी, ठेवलेल्यांची. ठेवलेल्यांत नाव असलं की करार संपला तरी दुसरीकडे खेळता येत नसे. नोंदणीचा कागद क्लबच्या ताब्यात आणि तो ताबा कायद्याचा. मिस्टर अर्नी सव्वीस वर्षांचे असताना एका मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबने त्यांना मागितलं. त्यांनी जन्मातलं पहिलं औपचारिक पत्र लिहिलं, बायकोने त्यातल्या चुका दुरुस्त केल्या. हॉब्जनी पत्र घेतलं, खणात ठेवलं, म्हणाले, संचालकांच्या कानावर घालतो. आठवड्याने म्हणाले, नाही म्हणतात. मिस्टर अर्नींनी हट्टाने नव्या करारावर सही केली नाही. मग क्लबने त्यांना खेळवलंही नाही, पगारही दिला नाही आणि सोडलंही नाही. सबंध एक सीझन ते नळ जोडत फिरले. शनिवारी दुपारी कुणाच्या तरी छपरावर काम करताना मैदानावरचा गलका ऐकू यायचा. पुढच्या उन्हाळ्यात मूल व्हायचं होतं. त्यांनी सही केली. मोठ्या क्लबने तोवर दुसरा घेतला होता.

"भला माणूस होता हॉब्ज," चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले. "माझ्या आईची चौकशी केल्याशिवाय राहायचा नाही."

भाऊजींच्या कानावर घालतो. नाही म्हणतात. हे शब्द मी कुठे ऐकले होते ते मला विचारावं लागलं नाही. कपाट उघडंच होतं. खालच्या रांगेत माझाही पासपोर्ट होता, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठीखाली, मीच ठेवलेला. घाईघाईने मी कपाट लावलं आणि त्यांना आणखी चहा विचारला.

धक्का बसला की माणूस बदलतो, असं आपण समजतो. मी बदललो नाही. घरी जाता जाता मी मनाशी हिशोब जुळवला. ते इंग्लंड, हा आखात. तो खेळ, हे पोटाचं काम. हॉब्ज परका, मी तर दत्ताच्या दुखण्याखुपण्याला धावणारा. आणि निर्णय भाऊजींचा, मी मधला माणूस. मधल्या माणसाला झोप फार छान लागते. मलाही लागली. जानेवारी संपला, टाइल्सच्या कारखान्याची मुदत संपली आणि दत्ताने आमच्याकडच्या नव्या करारावर सही केली. पेन मीच दिलं.

फेब्रुवारीत मिस्टर अर्नी दत्ताला वेगळ्याच नावाने हाका मारायला लागले. त्यांच्या जुन्या संघातल्या कुणाचंतरी नाव. एकच गोष्ट एका दुपारी तीनदा सांगायचे. त्यांची मुलगी मला दारात म्हणाली की घरी एकटं राहणं जमेना म्हणूनच त्यांना इथे आणलं. मी विचारलं, वयामुळे असेल ना? ती म्हणाली, कुणास ठाऊक. त्यांच्या संघात डोक्याने चेंडू मारणारे जे दोघे-तिघे होते, त्यांचंही असंच झालं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दर शुक्रवारी मी टाळ्या वाजवत होतो त्या दत्ताच्या हेडरला.

आणि मग तो शेवटचा शुक्रवार. खेळ संपला, पोरांनी खांब उचलले. मी खुर्ची घडी करायला गेलो तर मिस्टर अर्नी उठेनात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चटकन टोपी काढली आणि शाळकरी मुलासारखे ताठ बसले.

"मिस्टर हॉब्ज," ते मला म्हणाले, "माझं पत्र तुम्ही त्यांच्यापुढे ठेवलंत ना? की खणातच आहे?"

चाळीस-पन्नास वर्षं हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नसावा. बाकी सगळं विसरत चाललं होतं आणि हे तेवढं राहिलं होतं.

"ठेवलं," मी म्हणालो.

"मग? काय म्हणाले?"

"हो म्हणाले. तुम्हाला सोडलंय."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "थँक यू, मिस्टर हॉब्ज. थँक यू, सर." मग खाली वाकून पिशवीतले बूट तपासले, नाड्या आत सारल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले, कुठेतरी निघायचं असल्यासारखे. त्यांना घरी सोडताना गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही.

तिथून तडक भाऊजींच्या घरी गेलो. दत्ताचा अर्ज वाटेत ऑफिसातून काढून घेतला. ताईने पोहे पुढे ठेवले, मी हात लावला नाही. भाऊजींशी भांडायची तयारी करून आलो होतो. नोकरी सोडतो, इथपर्यंत मजल गेली होती.

"भाऊजी, दत्ताला एनओसी द्यायला हवी," मी म्हणालो. आवाज चढलाच होता.

त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन अर्ज वाचला. "कोण, आपला कोल्हापूरचा? मग दे की. फॅमिली आणतोय बिचारा. ही नोव्हेंबरची डेट आहे, इतके दिवस काय करत होतास?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, एकाला सोडलं की रांग लागेल?"

"मी? कधी?" त्यांना खरंच आठवेना. मी क्रेन ऑपरेटरची आठवण दिली. "अरे, ते! तेव्हा साइटवर क्रेन अडकली होती रे, डोकं फिरलं होतं माझं. सहा वर्षं झाली त्याला. त्यानंतर मला कधी विचारलंस तू? मला वाटलं, आपल्याकडे माणसं खूश आहेत, कुणी सोडून जात नाही." एवढं बोलून त्यांनी सही केली. "खलास. आता पोहे खा."

ज्या भिंतीला मी सहा वर्षं घाबरत होतो ती भिंतच नव्हती. होतो तो मीच. त्या सहा वर्षांत किती जणांना मी "साहेब नाही म्हणतात" असं सांगितलं, ते आजही मोजलेलं नाही. मोजायची हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रास अल खैमाला फोन लावला. ती जागा भरली होती. तरी एनओसी आणि पासपोर्ट घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेलो. दत्ताने वेल्डिंगचा मुखवटा वर केला, हात पँटला पुसले आणि कागद वाचला. पुन्हा वाचला.

"साहेबांनी सही केली?" त्याचा विश्वास बसेना. "तुम्ही लई भांडला असणार त्यांच्यासंगं."

खरं सांगायची ती वेळ होती. चारच शब्द होते. मी म्हणालो, "मनवावं लागलं थोडं."

आणि दत्ता वाकला. सगळ्या वर्कशॉपसमोर, ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असताना, त्याने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत. त्या क्षणी ते हललेच नाहीत.

मार्चमध्ये मुलगी मिस्टर अर्नींना घेऊन परत गेली. ते पुन्हा आले नाहीत. दत्ताला दुसरी नोकरी मिळायला दीड वर्ष गेलं. तोवर गावाहून पावलाचे आणखी तीन कागद आले, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. मुलगी इथे आली तेव्हा शाळेत तिला एक वर्ष खाली बसवलं. आता छान आहे. फोनवर माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलते, "हॅलो अंकल, हाऊ आर यू?" कपाटाची पूजा मी त्या वर्षीपासून बंद केली आणि पासपोर्ट ज्याचे त्याला दिले. भाऊजी त्यालाही "दे की" एवढंच म्हणाले. पण अर्जाचं खरं काय झालं ते दत्ताला कधीच कळलं नाही. दर नोव्हेंबरात तो न चुकता फोन करतो. एसी बंद केला का विचारतो आणि ठेवता ठेवता म्हणतो, "साहेब, त्या टायमाला तुम्ही शब्द टाकला म्हणून." मी दर वर्षी म्हणतो, "अरे, त्यात काय."

आज सकाळी एसी बंद झाला. मी हे सगळं एका बैठकीत लिहून काढलं, तोंडाने सांगताना पुन्हा जीभ कच खाईल म्हणून. दत्ता, तुझा अर्ज मी त्यांच्यापुढे ठेवलाच नव्हता. तो माझ्या ट्रेमध्ये होता.

बाहेर फोन वाजतोय. बायको हाक मारतेय, "अहो, दत्ताभाऊंचाच असणार. घ्या ना."